ऑक्सिजनचा बिंदू

अकरावीला रसायनशास्त्राचे सर आवर्तसारणी पाठ करायला सांगत नसत, आलेख काढायला लावत. त्या दिवशी लिथियमपासून निऑनपर्यंत आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. फळ्यावर आकडे होते, किलोज्यूल प्रति मोलमध्ये: लिथियम 520, बेरिलियम 899, बोरॉन 801, कार्बन 1086, नायट्रोजन 1402, ऑक्सिजन 1314, फ्लुओरीन 1681, निऑन 2081.

आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, उजवीकडे जाताना केंद्रकाचा धनप्रभार वाढतो, अणू आक्रसतो, इलेक्ट्रॉन ओढून काढणं जड जातं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे रेघ चढतच गेली पाहिजे. बोरॉन खाली आला, तिथं थबकलो, पण राहू दिला. ऑक्सिजनही खाली आला तेव्हा वाटलं, आकडा उतरवताना आपणच चुकलो. बिंदू रबरानं खोडला आणि 1500 च्या वर, रेघेत बसेल असा टाकला.

सर वह्या बघत माझ्या बाकापाशी आले. खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हा इथं होता ना? वर कोणी नेला?" आवाज जराही चढला नाही. "खाली येतो तर येऊ दे. का येतो, ते विचार."

मार्च लागला होता आणि नागपूरचा मार्च आपल्याला माहीत आहेच. वर्गात पंखे तीन. सरांनी तिघांना एकेका पंख्याखाली उभं केलं. "हा नायट्रोजन. पी उपकवचात तीन ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या तीन जागा, आणि इलेक्ट्रॉनही तीन, ज्याला त्याला आपापला पंखा." मग चौथा म्हणून मला उठवलं. कोणाच्या तरी पंख्याखाली शिरणं भागच होतं. "आता या दोघांची एकमेकांना अडचण. यातला एक काढणं सोपं की नाही?" बोरॉनचं कारण निराळं: त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन एस उपकवच सोडून पीमध्ये जातो, तो मुळातच सैल धरलेला असतो.

पुढं इलेक्ट्रॉन आसक्तीचा, म्हणजे अणूनं एक इलेक्ट्रॉन घेतला की बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा तक्ता आला. क्लोरीन 349, फ्लुओरीन 328. विद्युत ऋणतेत, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्यात, पॉलिंगच्या मापावर फ्लुओरीन 3.98, सगळ्यांच्या वर. मग इथं मागे कसा? या वेळी कोणी रबर घेतलं नाही. एवढ्याशा अणूत आधीच दाटी, नव्या इलेक्ट्रॉनला आतले लोटतात, हे मागच्या बाकावरून आलं. सर काही बोलले नाहीत, फळ्याकडे वळून हसले. ते हसू मी पाहिलं.

आज मी बुटीबोरीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या नोंदवहीत रबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी सही, आणि जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो.

तो आलेख अजून माझ्याकडे आहे. खोडलेल्या जागी कागद विरळ झालाय. उजेडासमोर धरला की 1314 वरचा पेन्सिलीचा व्रण दिसतो.