रंग कधी लावणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे तुम्ही एकटे नाही. मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाची वाटी हातात घेऊन दोघं-तिघं पार्किंगमध्ये येतातच. पेट्रोल भरताना शेजारच्या गाडीतला अनोळखी माणूस काच खाली करतो. आणि दर रविवारी ठाण्याहून आई. प्रश्न ठरलेला: "गाडी चालू झाली, छान झालं. आता रंग कधी लावणार?"

गाडी म्हणजे १९५० ची प्लिमथ स्पेशल डिलक्स, चार दारांची. मी डेट्रॉइटच्या बाहेर राहतो आणि ही गाडी बनली तीही याच शहरात. अंगावर मूळचा हिरवा रंग अजून आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. मधे कुठेकुठे प्रायमर, आणि उरलेल्या जागी काताच्या रंगाचा गंज. बॉनेटच्या टोकावर मुळात मेफ्लॉवर जहाजाची छोटी मूर्ती असायची. ती कुणीतरी कधीच पळवली होती. तिथे मी आजीचा पितळी अडकित्ता बसवलाय. त्यावरूनही प्रश्न येतात, पण ते पुन्हा कधीतरी.

इकडे अशा गाडीला रॅट रॉड म्हणतात. उंदरांचा नावाशी थेट संबंध नाही, माझ्या मागच्या सीटमध्ये मात्र त्यांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या. मूळ प्रकार हॉट रॉड. जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड-बंपर उतरवायचे, इंजिनाला जोर आणायचा आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पळवायच्या. तिथे शर्यती भरवणारी संघटना १९३७ सालची आहे, म्हणजे हे वेड महायुद्धाच्याही आधीचं. पुढे हॉट रॉड श्रीमंत झाली. नुसत्या रंगावरच एका चांगल्या गाडीचे पैसे जायला लागले. ट्रेलरवरून प्रदर्शनात यायचं, दोरीच्या आत उभं राहायचं, ट्रेलरवरूनच घरी जायचं. त्याचा वीट आलेल्या लोकांनी भंगारातून जुळवलेल्या, बिनरंगाच्या, पण रस्त्यावर पळणाऱ्या गाड्या काढल्या. त्यांना हिणवायला रॅट रॉड म्हणायचे. त्यांनी तेच नाव मिरवलं.

माझी गाडी मिशिगनमधल्याच लान्सिंगच्या पुढे एका शेतकऱ्याच्या कोठारामागे पन्नासेक वर्षं पडून होती. त्याचे आजोबा तीत अंडी विकायला जायचे. चारही चाकं मातीत रिंगपर्यंत रुतलेली. ट्रेलरवर चढवायला आधी चाकं बदलायला हवीत म्हणून पाना लावला. उजव्या बाजूची निघाली. डाव्या बाजूचा बोल्ट हलेना. पान्याला चार फुटी पाइप घातला, त्यावर उभा राहिलो, आणि बोल्ट तुटला. दुसराही तुटला. मग शेतकरी शांतपणे म्हणाला, डोक्यावर काय कोरलंय ते बघितलंस का? बारीक 'एल' होता. प्लिमथ ही क्रायस्लर कंपनीची, आणि तिच्या या गाड्यांना डाव्या चाकांचे आटे उलटे असायचे, चाक फिरता फिरता बोल्ट सैल होऊ नये म्हणून. मी दोन बोल्ट मन लावून घट्ट करत करत तोडले होते.

बॅटरीचंही तेच. सहा व्होल्टची, आणि बॉडीला जोडायची ती निगेटिव्ह नव्हे, पॉझिटिव्ह. हे मला ठाऊक होतं. तरी पहिल्यांदा जोडताना हाताने आपल्या सवयीने लाल वायर लाल जागी नेलीच. नशिबाने घरभर जळका वास आणि बायकोचा एक कटाक्ष एवढ्यावर निभावलं.

इंजिन मात्र फार गुणी. सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड, २१७.८ घनइंच, ९७ हॉर्सपॉवर. फ्लॅटहेड म्हणजे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमधे, आणि वरचं हेड म्हणजे नुसतं झाकण. कुकरचं झाकण काढून डाळ शिजली का बघावं तसं हेड उचलून सहाही पिस्टन बघता येतात. तिसरं आणि चौथं सिलिंडर गंजून जाम होतं. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मंनिम्मं मिसळून सहाही घरांत ओतलं, रोज संध्याकाळी थोडं वाढवलं. सहा आठवडे झाले. रोज फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, दात्यांत पहार अडकवून हलकासा जोर लावायचा, की काहीच नाही. आक्टोबरातल्या एका सकाळी पहार बोटभर सरकली. मला वाटलं हात घसरला. परत लावली, परत सरकली. मग एग्झॉस्टचे चार व्हॉल्व्ह चिकटलेले होते, त्यांना लाकडाचा तुकडा धरून टिचक्या मारत खाली बसवायला आणखी एक आठवडा.

आता रंग.

आईच्या प्रश्नाला जरा जास्त वजन आहे, कारण बाबा पत्र्यातलेच. कुर्ल्याला प्रीमियरच्या बॉडी शॉपमधे त्यांची सगळी नोकरी झाली. प्रीमियरने १९४७ साली सुरुवात केली ती क्रायस्लरच्या गाड्यांपासून: डॉज, डिसोटो, प्लिमथ. फियाट नंतर आली. बाबा लागले तेव्हा फियाटचेच दिवस होते, पण जुने फिटर त्यांना सांगायचे की प्लिमथचा पत्रा ठोकला की हात दुखायचा, फियाटचा ठोकला की पत्रा दुखतो. ही गाडी विकत घेण्यामागे तेवढं एक वाक्य होतं, हे मी अजून बायकोला सांगितलेलं नाही.

कुणी ओळखीचा जुनी गाडी घेणार असला की बाबांना सोबत न्यायचा. बाबा बॉनेट उघडायचेच नाहीत. मधल्या बोटाचं पेर पत्र्यावर वाजवत गाडीभोवती फेरी मारायचे. पत्रा असेल तिथे टण्ण. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असेल तिथे ठप्प. ठप्प आलं की थांबायचे, विकणाऱ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "इथे काय झालं होतं?" नुकताच रंग दिलेली गाडी असेल तर ते फेरीसुद्धा मारायचे नाहीत. "विकायच्या आधी रंग कोण देतो," एवढंच म्हणून चहा प्यायला निघायचे.

मीही कोठारामागे तशीच फेरी मारली. छत टण्ण. दारं टण्ण. डाव्या दारांखालचा पट्टा मात्र ठप्प, ठप्प, ठप्प. घरी आणून ग्राइंडर लावला. वर हिरवा रंग, त्याखाली अंगठाभर जाडीची लांबी, त्याखाली कोंबड्यांची जाळी आणि तिच्यामागे कोंबलेली वर्तमानपत्रं. पत्रा नव्हताच. अंडीवाल्या आजोबांनी, किंवा त्यांनी ज्याला पैसे दिले त्याने, भोक बुजवून वरून रंग मारला होता, आणि तो रंग गाडीवरचा सगळ्यात चकचकीत भाग होता.

ते मी सगळं काढलं. जुन्या फायलींच्या कपाटाचा पत्रा कापून पट्टा बनवला आणि वेल्डिंग केलं. माझं वेल्डिंग बघण्यासारखं नाही, पहिले सहा इंच तर वाळत घातलेल्या सांडग्यांसारखे दिसतात. पण ते दिसतात. पुढच्या वर्षी तिथे चीर गेली तर मला ती त्याच दिवशी दिसेल. वर लांबी आणि रंग दिला की मीही पाच वर्षं खूश आणि खालचा पत्राही पाच वर्षं गंजायला मोकळा. म्हणून वरून रंग नाही. "जुनेपणाचं सौंदर्य" वगैरे इथले लोक फार बोलतात, मला त्यात विशेष रस नाही. काही जण तर नव्या पत्र्यावर मीठ आणि व्हिनेगर फवारून आठवड्यात गंज आणतात. तो मला रंगाहून खोटा वाटतो.

उघडा पत्रा तसाच सोडत नाही, हे सांगायला हवं, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. वर्षातून दोनदा जवसाचं उकळलेलं तेल फडक्याने पातळ पुसून घेतो. हो, आपल्या चटणीतलाच जवस. फक्त ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. मी फडकं पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवतो.

रॅट रॉडवाले मला आपल्यात पूर्ण घेत नाहीत. मी छत कापलं नाही. त्यांच्यात छत चार इंच कापून गाडी चपटी करणं म्हणजे मुंज झाल्यासारखं असतं. पण क्रायस्लरचे तेव्हाचे प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रह होता की माणसाला टोपी घालून गाडीत बसता आलं पाहिजे. म्हणून या गाड्या कपाटासारख्या उंच. पुणेरी पगडी घालून बसून पाहिलंय, एक इंच शिल्लक राहतो. ते कापायला माझा हात धजला नाही. मागे स्प्रिंगचे पाटे आणि ॲक्सल यांच्या मधे दोन इंचांचे ठोकळे घालून गाडी जरा बसवली, तेवढीच फॅशन.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी थट्टा करत नाही. ब्रेकच्या तेलाची मूळची एकच लाइन, कुठेही गळली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. हँडब्रेक चाकांवर नाहीच, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर. दोन स्वतंत्र लाइनींचा मास्टर सिलिंडर, पुढे डिस्क आणि सीटबेल्ट, हे रस्त्यावर काढण्याआधी केलं. डोळ्यांच्या अंदाजाने स्टिअरिंग वेल्ड केलेल्या गाड्या मी इथे पाहिल्या आहेत. मिशिगनमधे दरवर्षी गाडी तपासून घ्यायची सक्ती नाही, त्याचा हा प्रताप.

पुण्याचा भाचा विचारतो, पद्मिनीवर असं करू का? नको. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत. पद्मिनी आहे तशी चालू कर, तेही काही कमी काम नाही.

गेल्या रविवारी आईने परत विचारलं. म्हटलं, अगं, रंग लावलाय की. तिला खरं वाटेना. फोन घेऊन गॅरेजमधे गेलो, गाडी जॅकवर होती, पाठीवर सरपटत खाली शिरलो आणि कॅमेरा वर केला. या शहराच्या पोटात मिठाची खाण आहे आणि सगळा हिवाळा इथले रस्ते मिठाने पांढरे असतात. इथे गाडी वरून नाही, खालून मरते. म्हणून चासी आणि पत्र्याची खालची बाजू खरवडून, प्रायमर देऊन, काळ्या रंगाचे दोन हात मारलेत. कुठे ओघळ नाही, ब्रशचा केस चिकटलेला नाही. बाबांनीही फेरी मारली असती.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लोक बघतात तिकडे गंज, आणि कुणी बघत नाही तिकडे रंग. उलटंच आहे बाबा तुझं सगळं. आणि तो अडकित्ता काढ, पावसात काळा पडेल."