सारंगकाकांनी विचारलेला प्रश्न

ओस्लोच्या विमानतळाला लागूनच, गार्डरमोएनला, लष्कराच्या जुन्या विमानांचं संग्रहालय आहे. तिथे मी गाईड आहे. नॉर्वेजियनमध्ये आणि इंग्रजीत सांगून सांगून प्रत्येक विमानाची माहिती तोंडपाठ झालेली. मराठीत सांगायची वेळ मात्र एकदाच आली, गेल्या फेब्रुवारीत.

लेकीकडे आलेले एक काका होते. दाभोळकडचे, सत्तरी ओलांडलेले. लेक नातवाला खायला घालायला घेऊन गेली आणि काका माझ्याबरोबर निघाले. सगळी हयात बोटीवर गेलेली, शेवटची काही वर्षं सारंग म्हणून. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. लढाऊ जेट विमानांपुढून ते हात मागे बांधून नुसते चालत गेले. नॉर्थरॉपपाशी आले आणि थांबले.

हे समुद्री टेहळणीचं विमान. चाकं नाहीत, खाली होडीसारखे दोन लांब फ्लोट. एकच इंजिन, आणि एका लांबट काचेखाली एकामागे एक बसलेली तीन माणसं. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. नॉर्वेने १९४० च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या नॉर्थरॉप कंपनीला अशी २४ विमानं करायला सांगितली. हॉर्टनच्या नौदल कारखान्यात बांधलेली दोन पंखी जुनी विमानं किनाऱ्यावर गस्त घालत होती, त्यांच्या जागी ही यायची होती. पण ९ एप्रिलला जर्मन फौजा उतरल्या आणि जूनमध्ये देश पडला. पहिलं विमान आकाशात गेलं ते डिसेंबरात, तेही कॅलिफोर्नियातल्या एका तळ्यावरून. ज्या किनाऱ्यासाठी मागवलं, त्या किनाऱ्यावर ते लढलंच नाही.

काकांचं अर्धं लक्ष माझ्याकडे होतं. ते वाकून फ्लोटचं बूड बघत होते.

"इथं ही पायरी कशाला केली गो?"

फ्लोटच्या तळाला साधारण मध्यावर एक ठसठशीत पायरी आहे. हजारो माणसं तिच्यासमोरून गेली असतील, पण हे विचारणारे काका पहिलेच. मी सांगितलं, विमान पाण्यावरून जोरात धावायला लागलं की पाणी बुडाला चिकटून त्याला धरून ठेवतं. पायरीपाशी ते सुटतं, मधे हवा शिरते आणि विमान वर उचललं जातं.

"हां. पाणी सोडतच नाही सहजासहजी," ते म्हणाले. "आणि लाट असली की?"

मग लाटेचं सांगितलं. भर समुद्रात, उसळत्या पाण्यात हे विमान उतरू शकत नाही, त्याला आडोशाचं पाणी लागतं. म्हणून आइसलँडच्या रेक्याविक, आकुरेयरी आणि बुदारेयरी इथे त्यांचे तळ केले. देश सुटल्यावर निसटून आलेल्या नॉर्वेजियन वैमानिकांनी कॅनडात, टोरांटोच्या 'लिटल नॉर्वे' छावणीत, पुन्हा उभारी धरली होती. १९४१ च्या एप्रिलमध्ये त्यांची ३३० क्रमांकाची तुकडी उभी राहिली, विमानं बोटीने आइसलँडला गेली आणि जूनमध्ये गस्त सुरू झाली: अटलांटिकमधून जाणाऱ्या बोटींच्या ताफ्यांवर नजर ठेवायची, जर्मन पाणबुड्या शोधायच्या. ढग खाली आलेले, पंखांवर बर्फ धरणारं, खाली गोठवणारं पाणी आणि पुढे एकुलतं एक इंजिन.

"एक इंजिन," काका परत म्हणाले. बोटीवर राहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

पुढचा प्रश्न मला पाठ होता. या विमानाने किती पाणबुड्या बुडवल्या? लोक विचारतातच. उत्तर आहे, एकही नाही. हे सांगताना माझा आवाज दर वेळी जरा खाली जायचा आणि मी घाईने थ्योर्सा नदीच्या गोष्टीकडे वळायचे. काकांनी ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "ही वर असताना बोटी किती सुखरूप गेल्या?"

मी गप्प झाले.

ते वाट बघत होते, म्हणून मला जे येत होतं ते सांगायला लागले. त्या काळची जर्मन पाणबुडी पाण्यावर १७ नॉटने, म्हणजे तासाला १७ सागरी मैल, पळायची. बुडी मारली की बॅटरीवर जेमतेम ७, आणि तेही थोडाच वेळ. बोटींच्या ताफ्याला गाठायचं तर तिला पाण्यावरच राहून पुढे जावं लागे. वर विमान दिसलं की ती बुडी मारणार. बाँब पडो न पडो, विमान दिसणं पुरेसं होतं.

"म्हणजे मागं पडली."

"हो काका. मागं पडली."

"आणि ताफा पुढं गेला." त्यांनी हाताने हळूच पुढे दाखवलं, जणू बोटी तिथल्या भिंतीपलीकडून जात होत्या. "मग बुडवायची गरज काय?"

नंतर ते आपल्या आजोबांबद्दल बोलले. आजोबा आगवाला होते, बॉयलरमध्ये कोळसा मारणारे. लढाईच्या वर्षांत ब्रिटिश बोटीवर अटलांटिकमध्ये होते. कुठल्या ताफ्यात, कोणत्या वाटेने, हे घरात कुणाला माहीत नाही. आपल्या कोकणातली आणि गोव्याची कितीतरी माणसं तेव्हा त्या बोटींवर होती, आणि भारतातले सहा हजारांहून जास्त दर्यावर्दी त्या युद्धात गेले. आजोबा परत आले. "भट्टीपुढं असलेल्या माणसाला आभाळ दिसत नाही," काका म्हणाले. "वर कोण आहे, त्याला कसं कळणार?" या विमानाने आजोबांना वाचवलं असं काही ते म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. फक्त फ्लोटजवळ उभं राहून ते थोडा वेळ वर, तिघांच्या त्या काचेकडे बघत राहिले. "मागच्याचं तोंड कुठं?" त्यांनी विचारलं. मागचा माणूस बंदूक सांभाळायचा, म्हटलं. "मग गेलेली वाट तोच बघत बसायचा."

थ्योर्साची गोष्ट शेवटी सांगितलीच. २१ एप्रिल १९४३ ला खराब हवामानात वैमानिक व्सेव्होलोद बुलुकिन याला आइसलँडच्या त्या सगळ्यात लांब नदीत उतरावं लागलं. तो आणि त्याचा जोडीदार जिवंत किनाऱ्याला लागले, विमान बुडालं. हिमनद्यांतून वाहून येणारा बारीक गाळ त्यावर चढत गेला. बाकीची विमानं युद्धात गेली नाहीतर मोडीत निघाली, आणि गाळाखालचं एवढंच उरलं. १९७९ मध्ये पाणबुड्यांनी ते वर काढलं आणि ते कॅलिफोर्नियाला, जिथे जन्मलं तिथेच, दुरुस्तीला गेलं. निवृत्त कामगारांनी पुन्हा हत्यारं हातात घेतली. १९८० च्या नोव्हेंबरात ते उभं राहिलं.

पाणबुड्या म्हणजे पाण्याखाली उतरणारी माणसं, असं सांगावं लागलं नाही. काकांना ते ठाऊक होतं. त्यांना नदीच्या गाळाबद्दलच जास्त विचारायचं होतं: वाळू होती की चिखल, आणि ॲल्युमिनियम टिकलं कसं. खाऱ्या पाण्यात राहिलं नसतं, असं त्यांनीच सांगितलं.

जाताना विचारलं, "ती ३३० तुकडी मोडली का?"

नाही. ती आजही नॉर्वेत आहे. आता तिच्याकडे हेलिकॉप्टरं आहेत आणि ती समुद्रात अडकलेल्यांना, बोटीवरच्या आजाऱ्यांना उचलून आणते. तिचं ब्रीद आहे 'त्रिग हावे', म्हणजे समुद्र सुरक्षित कर.

काकांनी माझ्याकडून कागद घेतला आणि त्यावर ३३० लिहून घेतलं, घरी सांगायला.

तेव्हापासून पाणबुड्यांचा प्रश्न आला की मी आधी १७ आणि ७ हे आकडे सांगते, आणि सगळ्यांना वाकून फ्लोटची पायरी बघायला लावते.