लागेल तेवढंच पुस्तक छापून मिळतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘ताई, आता लागेल तेवढीच पुस्तकं छापून देतात म्हणे. एकसुद्धा! खरंय का?’ लातुरात मी अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणारे बहुतेक निवृत्त गुरुजी, नाहीतर कवी. कुणाच्या पिशवीत गावाचा इतिहास असतो, कुणाच्या वहीत आईकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. खरं आहे, एक प्रतसुद्धा छापून मिळते. ‘प्रिंट ऑन डिमांड’ म्हणतात ते हेच.

ऑफसेटवर पुस्तक छापायचं तर आधी प्लेटा कराव्या लागतात, मशीन लावावं लागतं, शाई नीट बसेपर्यंत कागद वाया जातो. हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, हजार प्रतींनाही तेवढाच. म्हणून छापखानेवाला म्हणतो, ‘हजार काढा, स्वस्त पडेल.’ प्रत स्वस्त पडते, यात वाद नाही. पण त्यातल्या सातशे-आठशे प्रती पुढं कुठं जातात? माळवदाच्या घरात, वरच्या खोलीत, खोक्यांमध्ये. खालून वाळवी, वरून गळती. निवृत्तीच्या पैशातून काढलेली अशी खोकी मी पाहिली आहेत, आणि ती उघडून दाखवताना बोलायचं थांबलेली माणसंही.

डिजिटल छपाईत प्लेट नसते. तुमच्या पुस्तकाची आणि मुखपृष्ठाची फाइल संगणकावरून थेट मशीनला जाते. ऑर्डर आली की प्रत छापायची, गरम गोंदानं बांधायची, तीन बाजूंनी कापायची आणि कुरियरनं पाठवायची. बंगळुरूची पोथी डॉट कॉम, चेन्नईची नोशन प्रेस अशा सेवा हे काम करतात. पुस्तक त्यांच्या यादीत राहतं, संपलं असं कधी होत नाही, घरात साठा नाही. मात्र पहिली प्रत जेवढ्याला पडते, जवळपास तेवढ्यालाच पन्नासावीही पडते.

पैशाचं गणित इथंच नीट समजून घ्या. समजा, डेमी आकाराचं, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, 160 पानांचं पुस्तक आहे आणि एक प्रत छापायला 120 रुपये लागतात. तुम्ही किंमत 250 ठेवली. ऑनलाइन दुकानानं चाळीस टक्के घेतले, म्हणजे 100 गेले. तुमच्या हातात उरले 30. सेवेच्या स्वतःच्या दुकानातून विकलं तर सहसा यापेक्षा बरं सुटतं. पण वर पाठवणावळ लागली की तेच पुस्तक वाचकाला तीनशेच्या घरात जातं, आणि आपल्याकडचा वाचक तिथंच थांबतो.

म्हणून माझं मत सांगते. आपल्या भागात पुस्तक खपतं ते प्रकाशन समारंभात, कीर्तन-सप्ताहात, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, हातातून हातात. दोनशे माणसं नक्की घेणार असतील तर तेवढ्या प्रती एकदम डिजिटलवर छापून घ्या. लातूर, संभाजीनगर, पुणे, कुठंही होतं. पुढं पुण्या-मुंबईत, परदेशात गेलेली गावची मुलं अधूनमधून मागतील, त्यांच्यासाठी मागणीनुसार छपाई चालू ठेवा. गावाच्या इतिहासासारख्या पुस्तकाला, ज्याचा वाचक थोडा पण वर्षानुवर्षं येत राहणारा आहे, यासारखी दुसरी सोय नाही.

सगळ्यात जास्त जीव मात्र अक्षरांत घाला. आपल्याकडचा बराच मजकूर अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलताना ‘दुसऱ्या’मधला अर्धा र हमखास मोडतो, ‘दुसर्या’ होऊन बसतो. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ हे शब्द एकेक करून शोधा. ल आणि श हिंदी वळणाचे आलेत का तेही बघा. फॉन्ट मराठी वळण देणारा असेल तर मजकुराची भाषा मराठी ठेवली की ते येतं. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करायचे, नाहीतर तिकडच्या मशीनवर चौकोन उमटतात. मुखपृष्ठ शेवटी करा, कारण कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या पट्टीची, जाडी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते. पानं वाढली तर कण्यावरचं नाव सरकतं. आणि एक नमुना प्रत मागवल्याशिवाय पुस्तक विक्रीला लावू नका. पडद्यावर न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात. माझा रोजचा अनुभव आहे हा.

‘पॅकेज’ विकणाऱ्यांपासून जपा, हे कळकळीनं सांगते. प्रसिद्धी, पुरस्कार, प्रमाणपत्र असं सगळं एकत्र बांधून मोठी रक्कम मागतात, आणि तिचा छपाईशी संबंध थोडाच असतो. करारात दोन गोष्टी बघा: हक्क तुमच्याकडेच राहतात का, आणि पुस्तक दुसरीकडे छापायची मोकळीक आहे का.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, तर कुणाला पैसे देऊच नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो मोफत देते. ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखाली आहे, अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही करता येतो. दुसऱ्याच्या नावचा क्रमांक घेतला तर नोंदीत प्रकाशक तो दिसतो, तुम्ही नाही.

प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव घातलं की आणखी एक काम येतं. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. पहिल्या ऑर्डरचा आकडा सांगताना या चार प्रती धरूनच सांगा.