फुकटच्या वाय-फायला जोडण्याआधी

फुकटचं वाय-फाय म्हटलं की पहिला इशारा ठरलेला: पासवर्ड चोरीला जातील. २०१० साली तो अगदी खरा होता. त्या वर्षी फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेंशन आलं आणि त्याच नेटवर्कवर बसलेल्या दुसऱ्याच्या खात्यात दोन क्लिकमध्ये शिरता येऊ लागलं. तेव्हा बऱ्याच साइट लॉगिनचं पान तेवढं एचटीटीपीएसवर (म्हणजे साइटशी होणारं बोलणं कुलूपबंद करून) ठेवत आणि पुढचा कारभार उघड्यावर चाले. लॉगिन झाल्याची खूण सांगणारी कुकी हवेतून तशीच जायची. आता मोठ्या साइट आणि ॲप पूर्णवेळ एचटीटीपीएसवर असतात. कुठल्या साइटवर गेलात हे शेजाऱ्याला अजूनही बऱ्याचदा कळू शकतं, तिथे काय वाचलंत-लिहिलंत ते कळत नाही. त्यामुळे नुसती हवा ऐकत बसण्यात चोराला आता फारसा राम राहिलेला नाही.

आज घोळ होतो तो जोडताना. फोन नेटवर्क ओळखतो ते त्याच्या नावावरून आणि पासवर्ड आहे की नाही यावरून. खिशात मावणाऱ्या राउटरवर कुणीही तेच नाव ठेवू शकतो, आणि त्याचा सिग्नल जवळचा असला तर फोन बिनदिक्कत तिकडे जातो, तुम्हाला न विचारता. काउंटरवर नाव नीट विचारून घ्या, पण हुबेहूब नाव ठेवलं असेल तर डोळ्यांना फरक दिसणार नाही. म्हणून आपोआप जोडणं बंद ठेवणं जास्त उपयोगाचं: अँड्रॉइडवर नेटवर्कच्या नावाशेजारच्या चक्रात ‘ऑटो-कनेक्ट’, आयफोनवर गोलातल्या ‘आय’मध्ये ‘ऑटो-जॉइन’, विंडोजवर जोडतानाच ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची टिक काढायची.

भिंतीवर चिकटवलेल्या पासवर्डाने फार फरक पडत नाही. डब्ल्यूपीए-२ या वाय-फायला कुलूप लावण्याच्या पद्धतीत सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल, तर तो माहीत असलेला माणूस तुम्ही जोडतानाची देवाणघेवाण पकडून तुमचा पुढचा संवाद उलगडू शकतो. पुढच्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ही फट बुजवली आहे, पण समोरच्या राउटरवर ते असेलच असं नाही. वाय-फायच्या नावाशेजारचं कुलपाचं चिन्ह बघून निर्धास्त होऊ नका.

आता वाय-फायचं स्वतःचं लॉगिनचं पान. जोडल्याबरोबर फोन एका साध्या एचटीटीपी पत्त्यावर ‘आहे का कोणी?’ असं विचारतो. अँड्रॉइडला २०४ क्रमांकाचं रिकामं उत्तर हवं असतं. राउटर मध्येच अडवून स्वतःचं पान पुढे करतो आणि मग ‘साइन इन करा’ अशी सूचना येते. पान उघडतच नसेल, तर बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: कायम चालू ठेवलेला व्हीपीएन (सगळा संवाद तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमार्फत कुलूपबंद पाठवणारी सेवा), ‘प्रायव्हेट डीएनएस’ला (साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याच्या सेवेला) नेमून दिलेली ठरावीक कंपनी, किंवा फक्त एचटीटीपीएस उघडणारा ब्राउझर. व्हीपीएन थांबवा, डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणा, ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही मुद्दाम एचटीटीपीएसशिवाय ठेवलेली साइट टाका. पान आलं, ‘मान्य’ दाबलं, की सगळं पूर्ववत करा. हा शेवटचा भाग हमखास विसरला जातो.

साइन इन व्हायच्या आधीच एखादी साइट उघडली, तर सर्टिफिकेटचा (साइट खरी असल्याच्या दाखल्याचा) इशारा येतो, कारण राउटरकडे त्या साइटचं सर्टिफिकेट नसतं. ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. टॅब बंद करा, साइन इन करा, पुन्हा उघडा. त्यानंतरही इशारा आला तर ते नेटवर्क सोडा. ‘आधी हे सर्टिफिकेट, प्रोफाइल किंवा ॲप टाका’ म्हणणाऱ्या पानालाही हाच नियम. ओटीपी आला तर मेसेज शेवटपर्यंत वाचा. तो वाय-फायचा नसून तुमच्याच एखाद्या खात्यात शिरण्याचा असेल, तर तो आकडा त्या पानावर टाकायचा नाही. मेलचा पासवर्ड तर वाय-फायसाठी लागायचं कारणच नाही.

व्हीपीएनबद्दल थोडक्यात: जे राउटरवाल्याला दिसलं असतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. तो कोण आहे हे माहीत नसेल, तर फुकटच्या वाय-फायवर फुकटचा व्हीपीएन ही डबल उधारी आहे. पैशांचे व्यवहार मोबाइल डेटावर उरका, विषय संपला. विंडोज लॅपटॉपवर मात्र नेटवर्क ‘पब्लिक’ प्रकारचं निवडा, म्हणजे शेअर केलेली फोल्डर शेजाऱ्याला दिसत नाहीत.

सुरक्षेवर सगळे लिहितात, शेजाऱ्याच्या त्रासावर कोणी लिहीत नाही. वाय-फायच्या एका चॅनलवर (हवेतल्या एका पट्टीवर) एका वेळी साधारणपणे एकच उपकरण बोलू शकतं, बाकीचे थांबतात. १ एमबीची (म्हणजे ८ मेगाबिटची) फाइल १५० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १५० मेगाबिटच्या वेगाने, सेकंदाच्या विसाव्या भागात जाते. कोपऱ्यात, दोन भिंतींपलीकडे बसून वेग ६ एमबीपीएसवर आला की तिलाच सव्वा सेकंदाच्या वर लागतो. तेवढा वेळ सगळा हॉल तुमच्यासाठी खोळंबतो. राउटरच्या जवळ बसणं हा शिष्टाचारच समजा.

खरा खलनायक म्हणजे फोटोंचा बॅकअप. फोरके व्हिडिओचं एक मिनिट सहज दीडशे एमबीच्या वर जातं. अपलोडची लाइन १० एमबीपीएसची असेल, तर ते एक मिनिट चढवायला दोन मिनिटं लाइन गच्च भरते आणि तोवर इतरांचे कॉल तुटक येतात. फोन मात्र खिशात शांत असतो, त्यामुळे आपण काही करतोय हे लक्षातच येत नाही. यावर एकच कळ: अँड्रॉइड आणि विंडोजवर ते नेटवर्क ‘मीटर्ड’ (डेटा मोजून वापरायचं) करा, आयफोनवर ‘लो डेटा मोड’ लावा. बहुतेक बॅकअप आणि अपडेट थांबतात. बॅकअपच्या ॲपला मोबाइल डेटा वापरायची परवानगी दिली असेल, तर ती वेगळी काढावी लागते. व्हिडिओ बघायचाच असेल तर ४८०पी वर बघा. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जाऊ शकतात. स्वतःचा हॉटस्पॉट चालू असेल तर तोही बंद करा, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल जेमतेम तीन.

फुकट वापराला अर्ध्या तासाची मर्यादा असेल, तर ती संपली की नेटवर्क ‘फरगेट’ करून नवा मॅक ॲड्रेस (राउटर फोनला ओळखतो तो क्रमांक) घ्यायचा, ही युक्ती काही फोनवर, काही ठिकाणी चालते. पण छोट्या राउटरकडे वाटायला साधारण अडीचशे आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणारे क्रमांक) असतात, आणि तुमचा जुना पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. बऱ्याच जणांनी हेच केलं की नंतर येणाऱ्याचा फोन ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’वर फिरत बसतो.

निघताना नेटवर्क ‘फरगेट’ करा. विसरलात तरी हरकत नाही: अँड्रॉइडवर ‘सेव्हड नेटवर्क्स’ची यादी असते, आणि आयओएस १६ पासून आयफोनवरही वाय-फायच्या पानावर ‘एडिट’ दाबून घरी बसल्या जुनी नावं काढता येतात.