झेनयुआन 1/350 – बिल्ड अपडेट : तोफा उघड्या ठेवल्या

मंडळी, झेनयुआन या चिनी युद्धनौकेच्या 1/350 मॉडेलचं हल (जहाजाचा सांगाडा) आणि डेक जोडून झालं, प्रायमरही मारला (पावसाळी हवेत वाळायला जाम वेळ घेतो, घाई करू नका), आता खरी मजा सुरू झालीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, 17 सप्टेंबर 1894, चीन-कोरिया सीमेवरच्या यालू नदीच्या मुखाबाहेरची लढाई, एका बाजूला चीनचं बेयांग आरमार आणि दुसरीकडे ॲडमिरल इतोचं जपानी आरमार. झेनयुआन आणि तिची बहीण (त्याच बनावटीचं जहाज) डिंगयुआन दोघी जर्मनीत स्टेटिनला बांधलेल्या, प्रत्येकीवर 305 मिमीच्या चार क्रुप तोफा.

किटमध्ये तोफांवर बसवायचे घुमटासारखे कव्हर दिलेत आणि दिसतातही मस्त, पण मी ते लावणार नाहीये. जुलैमध्ये कोरियाजवळच्या पुंगदो बेटापाशी झालेल्या चकमकीत जियुआन या चिनी जहाजावर असं कव्हर माणसं वाचवायच्या ऐवजी आतल्या लोकांच्याच जिवावर उठलं, म्हणून यालूच्या आधी या दोन्ही जहाजांवरचे कव्हर काढून टाकले होते. झेनयुआनवर असलेल्या फिलो मॅकगिफिन या अमेरिकन माणसाने 1895 मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय: बोटी जवळजवळ सगळ्या बंदरातच ठेवल्या, ब्रिजचे (जहाज हाकायच्या उंच मंचाचे) बाजूचे पंख कापले, रेलिंग, शिड्या काढल्या, वाळूची आणि कोळशाची पोती रचली आणि जहाज करडं रंगवलं. म्हणजे काळं हल आणि पिवळसर धुराडी ही आपली आवडती स्कीम या दिवसासाठी बाद. पोती मी इपॉक्सी पुट्टीची करतोय, एकेक तांदळाच्या कणीएवढं, टूथपिकने मधे दाबलं की भरलेल्या पोत्यासारखं दिसतं. कव्हर नसल्यामुळे तोफांचा मागचा भागही दिसणार, तो स्क्रॅचबिल्ड (किटबाहेर स्वतः घडवून) करावा लागतोय, पण जहाजाचा जीवच तिथे आहे.

आता या लढाईच्या जपानी प्रिंट्स (छापील चित्रं). चित्रकार कोबायाशी कियोचिकाची तीन पानी चित्रं ऑक्टोबर 1894 मध्ये बाजारात आली पण होती, लढाईला महिना होतो न होतो तोच! बहुतेक चित्रकार टोकियोत बसून बातम्यांवरून काढायचे, त्यामुळे तोफा, डोलकाठ्या मोजायला या प्रिंट्स वापरू नका. पण एका चित्रात कियोचिका आपल्याला पाण्याखाली नेतो, बुडणारं जहाज, माणसं, वर लढाई चालूच, आणि त्या निळ्या-काळ्या पाण्याचं वजन मला दुसऱ्या कुठल्याच रेफरन्समध्ये मिळालं नाही. चिनी खलाशी मात्र या प्रिंट्समध्ये सरसकट भेदरलेले दाखवतात, ते मला अजिबात पटत नाही. झेनयुआन शेवटपर्यंत लढली, दुपारी साडेतीनच्या सुमारास तिच्याच गोळ्याने इतोच्या मुख्य जहाजावरचा, म्हणजे मात्सुशिमावरचा दारूगोळा पेटला, नव्वदहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली आणि इतोला आपला झेंडा हाशिदाते या दुसऱ्या जहाजावर हलवावा लागला. हे जपानच्याच नोंदींमध्ये आहे, प्रिंट्स आणि कागदपत्रं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत, एशियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स सेंटरने बरीच ऑनलाइन ठेवलीत.

तर ठरलंय असं की बांधणी मॅकगिफिनवरून, वेळ आणि जागा जपानी अहवालांवरून, पाणी कियोचिकावरून. डायोरामा (मॉडेलसह उभा केलेला देखावा) साडेतीनचाच, जपानी रांग गोल फिरत असताना, म्हणजे जहाजावर आगीचे डाग, फुटलेलं सुपरस्ट्रक्चर, पण मधलं चिलखत शाबूत, कारण ते कुणालाच भेदता आलं नाही.

पुढच्या वेळी रिगिंग (डोलकाठ्यांचे दोर) आणि बेस. पाण्यासाठीच्या गडद रेझिनमध्ये खोली दिसण्यासाठी कोणी दोन-तीन थर वेगवेगळ्या शेडचे ओतलेत का? ओतले असतील तर फोटो टाका, मला दोन थरांच्या मधली रेष कशी लपवायची ते बघायचंय.