मेल्याचे सोंग

आमच्या बैठकीच्या खोलीतील फिश टँकमध्ये गेली चार वर्षे लिव्हिंगस्टोनी जातीचा एक मासा मुक्कामाला आहे. त्याच्या पांढुरक्या अंगावरचे तपकिरी डाग पाहून पाहुणे हमखास विचारतात, "याला काही रोग झाला आहे का?" त्यात त्यांची चूक नाही, कारण आजारी दिसण्यावरच त्याच्या घराण्याचे पोट चालत आले आहे.

हे घराणे मूळचे पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवराचे. खचदरीत साचलेले हे पाणी सुमारे ५८० किलोमीटर लांब, म्हणजे मुंबईहून रस्त्याने पणजी गाठावी जवळपास तेवढे, पसरलेले आहे. त्याची खोली ७०० मीटरच्या आसपास जाते. परंतु साधारण अडीचशे मीटरखाली प्राणवायूच नसल्यामुळे सारी मत्स्यसृष्टी वरच्या थरात दाटीवाटीने राहते. सिक्लिड कुळाच्याच शेकडो जाती तेथे आहेत. त्यांपैकी कोणी खडकावरचे शेवाळ खरवडतात, कोणी वाळू चाळतात आणि कोणी शेजाऱ्यांची पिल्ले गिळतात.

आमचे टँकमधले पाहुणे या शेवटच्या पंगतीतले. पाणगवताच्या कडेला, वाळूवर हा मासा एका कुशीवर आडवा होतो आणि मिनिटेच्या मिनिटे हलत नाही. डागाळलेले अंग कुजू लागलेल्या मढ्यासारखे दिसते, त्याचा लचका तोडण्याच्या आशेने लहान मासे जवळ येतात आणि मढे एकाएकी जबडा उघडते. तिथले मच्छीमार त्याला 'कालिगोनो', म्हणजे झोपाळू, म्हणतात. केनेथ मॅके या संशोधकाने सरोवरातच निरीक्षण करून १९८१ मध्ये या शिकारीची नोंद प्रसिद्ध केली. याच जातीची मादी आपली अंडी आणि पिल्ले सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते, हे वाचल्यावर मात्र त्या जबड्याविषयी मत बनवण्याची घाई मी सोडून दिली.

आमच्याकडे त्याने हे सोंग एकदाही घेतलेले नाही. खाद्याच्या गोळ्या वेळेवर मिळतात हे एक कारण असेलच, पण फसायलाच कोणी नाही, हे कारण मला अधिक पटते. मी बारीक वाळू आणली, व्हॅलिसनेरियाचे गवत लावले, पाणी त्या सरोवरासारखे किंचित अल्कधर्मी राखले. परंतु मढ्याजवळ भाबडेपणाने येणारी पिल्लांची झुंड काही मला आणता आली नाही. भाच्याने एकदा गप्पी सोडून पाहण्याचे सुचवले होते, पण तेवढे धैर्य मला झाले नाही. टँकमधले इतर तीन मासे त्याच्याएवढेच थोराड आहेत. झाकण सरकल्याचा आवाज झाला, की त्या सर्वांच्या आधी हा झोपाळू टक्क डोळ्यांनी वर येऊन उभा राहतो.