शून्य आलेली वही

आठवीचा ऑफ तास होता. बाई रजेवर, म्हणून मला पाठवलं. फळ्यावर कोपऱ्यात ६१७४ लिहिलं, चौकट केली आणि मुलांना सांगितलं, कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही या चौकटीत येता.

एका मुलीने एसटीचा नंबर घेतला, ४२७१. ७४२१ वजा १२४७, पहिल्याच फटक्यात ६१७४! ती बाकावरून उठलीच. दुसरीने २००५ घेतलं, तिला सातही पायऱ्या चढाव्या लागल्या.

मी बाकांमधून फिरत होतो. अशा वेळी माझी एक तपासणी असते. तेच अंक उलटसुलट लावून वजाबाकी केली की उत्तराला नऊने भाग जातोच. त्यामुळे उत्तरातल्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत नसली, तर हातचा चुकला समजायचं.

खिडकीजवळचा एक मुलगा पेन खाली ठेवून बसला होता. एरवी गणिताच्या तासाला तोंड न उघडणारा.

"सर, माझं शून्य आलं."

वही पाहिली. संख्या २१११. २१११ वजा १११२, ९९९. बेरीज २७, म्हणजे बरोबर. पुढे ९९९ वजा ९९९, शून्य. वजाबाकीत कुठेच चूक नव्हती. मी सांगितलेलं त्याने तंतोतंत केलं होतं. सांगायचं राहिलं होतं माझंच: उत्तर तीन अंकी आलं, तरी पुढचं शून्य धरून चार घरं भरायची.

मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि वर्गाला सांगितलं की नियम अर्धाच सांगितला होता, ते याच्यामुळे कळलं. त्याने ०९९९ लिहिलं. मग ९९९० वजा ०९९९, ८९९१. पुढे ८०८२, ८५३२. शेवटची वजाबाकी मांडताना वर्ग त्याच्याबरोबर मोठ्याने हातचे मोजत होता. ६१७४.

मग मी त्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांबद्दल सांगितलं. जन्म डहाणूचा, १९०५ चा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. हा स्थिरांक त्यांनी १९४९ मध्ये मांडला, आणि आज जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखतात. आमच्यासारखाच वर्ग सांभाळत त्या माणसाने हे शोधलं, हे सांगताना माझा आवाज दर वेळी जड होतो.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा शिक्षक-खोलीच्या दाराशी उभा. कच्च्या वहीचं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं. रात्री पाच अंकी संख्या घेऊन बसला होता. ५३९५५ वरून ५९९९४, त्यावरून पुन्हा ५३९५५, पुन्हा ५९९९४.

"सर, हे थांबतच नाही. माझा नियम चुकलाय का?"

"नाही," म्हटलं, "बस इथे." आणि खुर्ची ओढून दिली.